सांगली: पुराचं पाणी येणाऱ्या जुन्या घराचा तळमजला नव्याने करताना

गावभागकर

आधी घराची माहिती देतो, म्हणजे उत्तरं नेमकी मिळतील.

सांगली, गावभाग. १९८८ चं बांधकाम, तळमजला अधिक एक, प्रत्येकी ७८० चौ. फूट. लोडबेअरिंग (स्लॅबचं वजन भिंतींवरच), बहुतेक भिंती ९ इंची, दोन पार्टिशन साडेचार इंची. खाली काळी जमीन. जोतं रस्त्यापासून दोन फूट. २०१९ ला हॉलमध्ये तीन फूट पाणी होतं, २०२१ ला फूटभर. खालच्या सगळ्या भिंतींना कमरेच्या वरपर्यंत लोणा (ओलीबरोबर बाहेर येणारं पांढरं मीठ), दोनदा रंग देऊनही पोपडे. किचनच्या ट्रॉल्या पार्टिकल बोर्डाच्या होत्या, फुगून गेल्या. फरशी दोन ठिकाणी बसलीय. गच्चीतून जिन्यावर गळती आहे.

घरच्यांची यादी: हॉल आणि किचनमधली भिंत काढून मोकळं करणं, हॉलच्या भिंतींना खालून चार फूट टाइल (डॅडो), पीओपीचं फॉल्स सिलिंग, मॉड्युलर किचन. दिवाळीनंतर सुरू करून मेअखेर संपवायचं आहे. घर विकणं किंवा पाडून बांधणं हा पर्याय सध्या नाही, त्यामुळे कृपया तो सल्ला नको.

ओळंबा

यादीतल्या चारही गोष्टींना आहे त्या रूपात माझा नकार आहे. भिंत आणि किचन वेगळ्या पद्धतीने होईल.

पहिल्यांदा पातळीचा हिशेब. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी साधारण ५७ फुटांवर गेलं, २०२१ ला ५५ च्या आसपास. तुमच्याकडे तीन फूट आणि एक फूट. म्हणजे तुमची फरशी आयर्विनच्या मापात साधारण ५४ वर येते. इशारा पातळी ४०, धोका ४५. हा ५४ चा आकडा जिन्याजवळ ऑइलपेंटने लिहून ठेवा, पावसाळ्यात बातम्यांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

२०१९ ची तीन फुटांची रेघ, वर दोन फूट गाडी-होडीच्या लाटा आणि पुढच्या पुराचा अंदाज. पाच फूट झाले. पाच फुटांच्या खाली जे बसेल ते कधी ना कधी आठवडाभर गढूळ पाण्यात राहणार, हे धरूनच प्रत्येक वस्तू निवडायची. पाणी गेल्यावर पाइप लावून धुता आली पाहिजे आणि मग वाळली पाहिजे. या दोन्हींत जे बसत नाही ते वरच्या मजल्यावर न्या.

पाणी बाहेर अडवून धरायच्या मागे लागू नका. बाहेर तीन फूट पाणी आणि आत कोरडं असेल तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण ४०० किलोचा आडवा रेटा येतो. सहा फुटांना तो दुप्पट होत नाही, चौपट होतो. जुनी ९ इंची भिंत वरून येणारं वजन पेलायला बांधलेली असते, आडवा रेटा घ्यायला नाही. दारात फळ्या आणि वाळूची पोती दीड-दोन फुटांपर्यंत ठीक. त्यावर गेलं की आत येऊ द्यावं, दोन्हीकडची पातळी सारखी झाली की भिंत शाबूत राहते. तसंही पाणी दाराची वाट बघत नाही, नहाणीतून आणि फरशीच्या सांध्यातून आधी येतं.

आता हॉल-किचनची भिंत. वरच्या मजल्यावर बरोबर तिच्यावर भिंत आहे का? स्लॅब तिच्यावर टेकलाय का? दोन्हींपैकी एकाचंही उत्तर हो असेल तर ती पूर्ण काढायची नाही. पाच-सहा फुटांचं ओपनिंग करता येईल, दोन्ही टोकांना किमान दोन-दोन फूट भिंत ठेवून. आधी दोन्ही बाजूंनी स्लॅबला टेकू, मग वरच्या भागात थोडी थोडी भिंत काढून तुळई सरकवायची, तुळईच्या दोन्ही टोकांना किमान ९ इंच बेअरिंग आणि खाली काँक्रीटचा ठोकळा. तुळई आणि स्लॅबमधली फट नॉन-श्रिंक ग्राउटने ठासायची. ती फट साध्या मालाने भरली की माल आकसतो, स्लॅब दोन-चार मिमी बसतो आणि वरच्या खोलीत भेग दिसते. तुळईचं माप स्ट्रक्चरल इंजिनिअर घर बघून देईल. इथे कुणी माप सांगितलं तर घेऊ नका, माझ्याकडूनही नाही.

नकाशा

परवानगीचं थोडक्यात. गिलावा, फरशी, रंग, प्लंबिंगची दुरुस्ती याला बांधकाम परवानगी लागत नाही. भारवाही भिंत काढणं, खोली वाढवणं, मजला चढवणं याला महापालिकेकडे जावं लागेल. तेव्हा पूररेषेचा प्रश्न येईल. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत निषेधक क्षेत्र, निळी ते लाल नियंत्रित क्षेत्र. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. आपला सर्व्हे नंबर कुठे पडतो ते आधी बघून घ्या.



थापी

गिलाव्याचं मी सांगतो, कारण निम्मी घरं इथंच फसत्यात.

लोण्याची रेघ जिथं संपते तिथून वर अजून दीड-दोन फूट गिलावा उतरवायचा. रेघेपाशीच थांबलं की वर्षभरात लोणा रेघेच्या वर निघतो. वीट उघडी झाली की सांधे १०-१२ मिमी कोरायचे आणि तारेच्या ब्रशनं कोरडंच झाडायचं. पाण्यानं धुवायचं नाही. धुतलं की मीठ विरघळून परत विटेत जातं आणि नव्या गिलाव्यातून बाहेर येतं. झाडलेली पांढरी भुकटी आणि उतरवलेला गिलावा घराबाहेर, लांब. तोच राडारोडा फरशीखाली भरावाला घालायची सवय आहे आपल्याकडं. ते केलं की लोणा आपण स्वतःच घरात गाडून ठेवला म्हणायचं.

मग भिंत नुसती उघडी ठेवायची. हिशेब ढोबळ, पण कामाचा: वीटभिंत महिन्याला इंचभर वाळते. ९ इंची दोन्हीकडून उघडी असेल तर चार-साडेचार महिने. नोव्हेंबरात उघडली तर मार्च. तुमचं वेळापत्रक बरोबर बसतंय. ऑगस्टात पूर येऊन गेला आणि दिवाळीला रंग दिला, तर गुढीपाडव्याला पोपडे येणारच, त्यात रंगाच्या कंपनीचा दोष नसतो. मधल्या काळात महिन्यातून एकदा परत कोरडं झाडा, पांढरं येत राहतं. चौथ्या वेळी येणं कमी झालेलं हाताला कळतं.

वाळली का ते बघायला दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिक चारी बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा, दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव किंवा विटेचा रंग गडद झाला तर अजून थांबा. फरशीपासून फूटभर उंचीवर बघा, डोळ्यांसमोर बघून उपयोग नाही, ओल खाली असते.

माल १:१:६. एक सिमेंट, एक चुना, सहा वाळू. चुना आदल्या दिवशी पाण्यात भिजत घालायचा. १५ मिमी जाडीला १०० चौ. फुटांसाठी पाऊण ते एक पोतं सिमेंट, तेवढ्याच मापाचा चुना, सहा-सात घनफूट वाळू. तुमच्या घरात आतल्या भिंतींची लांबी १८० फूट धरली आणि पाच फूट उंची, तर ९०० चौ. फूट होतात. आठ-नऊ पोती सिमेंट आणि साधारण ६० घनफूट वाळू, म्हणजे पाऊण ब्रासच्या (ब्रास म्हणजे १०० घनफूट) आतच. क्रश सँड घेतली तर प्लास्टरची धुतलेली घ्या. भुकटी जास्त असलेल्या वाळूनं गिलाव्याला बारीक जाळीसारख्या भेगा पडतात.

१:३ चा कडक माल, त्यात वॉटरप्रूफिंग पावडर, असला गिलावा खाली करू नका. भिंतीतली ओल तिथून निघू शकत नाही, ती चढत वर जाते आणि छातीच्या वर डाग काढते. फिनिशिंगला नीरू (बारीक चुन्याचा लेप), वर चुन्याचा रंग नाहीतर सिलिकेट रंग. वॉलपुट्टी नको, ऑइलपेंट नको, प्लास्टिक इमल्शन तर नकोच. पीओपी पाण्यात विरघळल्यागत मऊ पडतं, त्यामुळं पाच फुटांच्या खाली त्याचं नाव काढायचं नाही.

टाइलमास्तर

बाकी मान्य, पण डॅडोला एवढा विरोध का? गाळ धुवायला टाइलइतकं सोपं काही नाही. चुन्याच्या भिंतीवर गढूळ पाण्याचा पिवळा पट्टा पडतो आणि दरवेळी रंग द्यावा लागतो.

ओळंबा

पट्टा पडतो, खरं आहे. चुना मारायला दोन माणसांना एक दिवस लागतो. डॅडोखाली अडकलेली ओल काढायला अख्खा डॅडो फोडावा लागतो. टाइलच्या मागे पाणी ग्राउटमधून शिरतं आणि बाहेर पडायला फक्त वरची कड उरते, म्हणून डॅडोच्या वर चार-सहा इंचांचा लोण्याचा पट्टा दिसतो. गावभागात कुठल्याही डॅडोवाल्या घरात बघा.

टाइलमास्तर

बाहेरच्या ९ इंची भिंतींना पटलं. पण साडेचार इंची पार्टिशनला एका बाजूने डॅडो आणि दुसऱ्या बाजूने चुन्याचा गिलावा ठेवला तर ओल दुसरीकडून निघून जाते. बाथरूम आणि ओट्यामागे तर टाइल लागणारच. तिथेही मागची खोलीतली बाजू उघडी ठेवा, तिथे कपाट चिकटवून उभं करू नका. टाइल लावताना मालाचे पाच गोळे ठेवून चिकटवायची पद्धत बंद करा. पोकळीत पुराचं पाणी साठतं, टाइल महिनोन्महिने घामेजलेली राहते. खाचेच्या थापीने पूर्ण पृष्ठभागावर टाइल ॲडहेसिव्ह. बाथरूममध्ये इपॉक्सी ग्राउट.

खणआळी

इंजेक्शनवाल्या डीपीसीबद्दल (भिंतीत ओल अडवणारा थर) कुणी सांगेल का? विश्रामबागेत एकाने प्रति फूट दर सांगून पूर्ण घर करून देतो म्हणाले, दहा वर्षांची गॅरंटी.

ओळंबा

ताई, ते काम खोटं नाही, पण कशासाठी आहे ते बघा. जमिनीतून केशाकर्षणाने वर चढणारी ओल त्याने थांबते. फरशीपासून सहा इंचांवर, विटेत नाही तर सांध्यातल्या मालात, १२ मिमीची भोकं, १० ते १२ सेंमी अंतराने. खोली भिंतीच्या जाडीपेक्षा इंचभर कमी. त्यात सिलेन-सिलॉक्सेनचं क्रीम भरतात. विटेत भोक पाडलं तर क्रीम एका विटेपुरतं राहतं, सलग थर तयार होत नाही. गॅरंटी देणारा भोकं कुठे पाडतो तेवढं उभं राहून बघा.

पुराचं पाणी मात्र बाजूने शिरतं, त्याच्यावर इंजेक्शनचा काही इलाज नाही. गावभागकरांनी आधी भिंत वाळवावी. वाळल्यावर पूर नसलेल्या पावसाळ्यातही ओल खालून चढली, तर इंजेक्शन करावं. ओल्या भिंतीत भरून पैसे घालवू नयेत.

मिरजेचा वायरमन

लाइटचं काम गिलाव्याच्या आधी. भिंती उघड्या आहेत तोवर.

१) डीबी (वीज वाटपाचा बोर्ड) पहिल्या मजल्यावर. तळमजल्याची सगळी वायरिंग वरून खाली उतरवायची, फरशीतून किंवा खालून पाइप फिरवायचा नाही. फरशीतला पाइप एकदा भरला की त्यातलं पाणी निघत नाही.

२) खालचे सगळे बोर्ड पाच फुटांच्या वर. फ्रीज, मिक्सर, वॉशिंग मशीन, टीव्ही, सगळ्यांचे पॉइंट. दिसायला विचित्र दिसतं, पाहुणे विचारतात. चार्जरला वाकावं लागत नाही एवढाच वरकड फायदा.

३) खालचा आणि वरचा मजला वेगळा. प्रत्येकाला स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की आपोआप तोडणारा स्विच) आणि आयसोलेटर (हाताने सगळी वीज बंद करायचा स्विच). एकच आरसीसीबी असेल तर खाली ओल लागली की वरचंही बंद पडतं आणि नेमकं तेव्हाच वर राहायचं असतं.

४) वायर: लाइट-पंखा १.५ चौ. मिमी, सॉकेट २.५, गिझर आणि एसी ४. सगळ्या पॉइंटना अर्थिंगची तार. जुन्या घरात दोनच तारा असतात, तिसरी नव्याने ओढावी लागेल, म्हणून २५ मिमीचा पाइप घ्या.

५) अर्थिंगचा खड्डा नवा. रोध ५ ओहमच्या खाली मोजून घ्या, मीटर लावून दाखवायला सांगा. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात माती भेगाळून पट्टीपासून सुटते, म्हणून मे महिन्यातलं माप खरं.

६) इन्व्हर्टर आणि बॅटरी वर. मीटर खाली असेल तर वर घ्यायला महावितरणकडे अर्ज करा. सील खासगी माणसाने तोडायचं नाही.

झिऱ्या (पाइपसाठी भिंतीतल्या खाचा) मारताना एक. लोडबेअरिंग भिंतीत उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी एक षष्ठांशापेक्षा. आयएस १९०५ या वीटबांधकामाच्या भारतीय मानकात तसं आहे. ९ इंचीत उभी साधारण ७५ मिमी, आडवी ३८. आडवी शक्यतो मारूच नका. कटरने दोन रेघा मारून मग छिन्नी, ब्रेकर लावून सांधे हलवायचे नाहीत.

पूर येऊन गेल्यावर: बुडालेले स्विच, सॉकेट, एमसीबी पुसून-वाळवून परत वापरू नका, बदला. वायर ठेवायची का ते मेगरने (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) ५०० व्होल्टवर तपासून ठरवा. १ मेगाओहमच्या खाली आली तर बदला.

चेंबर नंबर चार

पुरात पहिलं पाणी नहाणीतून येतं हे वर आलंच आहे. उपाय: नॉन-रिटर्न फ्लॅप व्हॉल्व्ह, ११० मिमीच्या लाइनला, महापालिकेच्या ड्रेनेजला मिळायच्या आधीच्या शेवटच्या चेंबरमध्ये. पण नुसता बसवून भागत नाही.

एक म्हणजे जोडणी. वरच्या मजल्याची उभी लाइन व्हॉल्व्हच्या आत, घराच्या बाजूला जोडलेली असेल, तर व्हॉल्व्ह बंद झाल्यावर वर ओतलेली प्रत्येक बादली खालच्या नहाणीतून हॉलमध्ये येईल. म्हणून फक्त तळमजल्याची लाइन व्हॉल्व्हमधून काढायची आणि वरच्या मजल्याची लाइन व्हॉल्व्हच्या पुढे, गटाराच्या बाजूला सोडायची. वरून येणाऱ्या पाण्याला उंचीचा जोर असतो, ते जातं. एकदा खणलेलं आहे तर दोन लाइन वेगळ्या करून घ्या, पाइपचा खर्च किरकोळ असतो.

दुसरं, देखभाल. फ्लॅपमध्ये चिंधी किंवा केसांचा गुंता अडकला की तो अर्धवट उघडा राहतो. म्हणून व्हॉल्व्ह चेंबरमध्ये, हात जाईल असा, झाकण उघडता येईल असा. मे संपायच्या आत साफ करायचा.

उतार १:४० ते १:६०. नहाणी ट्रॅपला ५० मिमीचा वॉटर सील घ्या, उथळ ट्रॅप उन्हाळ्यात आटतो आणि वास येतो. बाथरूमच्या फरशीला मीटरला एक सेंमी उतार. टाइलच्या आधी पॉलिमर-सिमेंट कोटिंगचे दोन हात, एकावर एक आडवे-उभे, कोपऱ्यात फायबर जाळी, भिंतीवर फूटभर आणि शॉवरच्या बाजूला सहा फूट. मग ट्रॅपचं तोंड बांधून ४८ तास पाणी भरून ठेवा. वरच्या मजल्याच्या बाथरूमला ही चाचणी केल्याशिवाय टाइलवाल्याला आत सोडू नका.

जमिनीत हौद आहे का?

गावभागकर

आहे. ३००० लिटरचा, सिमेंटचा, अंगणात. झाकण फरशीच्या लेव्हललाच.

चेंबर नंबर चार

तोंडाभोवती फूटभर उंच कठडा बांधा आणि रबरी वायसरचं स्क्रूवालं झाकण लावा. तरी तीन फूट पाण्यात गाळ शिरणारच, पण रोजच्या पावसाचं पाणी तरी जाणार नाही. पूर येताना हौद रिकामा ठेवायचा नाही, भरून ठेवायचा. जमीन पाण्याने भरली की रिकामा हौद खालून वर उचलला जातो, सिमेंटचा तडकतो, प्लास्टिकचा तर जमिनीतून वर येतो.

नंतर गाळ काढून, घासून, भरून ब्लीचिंग: ताजी ३३ टक्के क्लोरीनची पावडर १००० लिटरला १५० ग्रॅम, म्हणजे तुमच्या हौदाला ४५० ग्रॅम. बादलीत कालवून, निवळू देऊन वरचं पाणी ओतायचं. पूर्ण एक दिवस ठेवून सगळं सोडून द्यायचं. हे पाणी प्यायचं नाही, ते हौद धुण्यासाठी आहे.

खणआळी

किचनचं मी लिहिते. मॉड्युलर हवंच असेल तर सांगाडा लाकडाचा नको. कडप्प्याच्या उभ्या पाट्या आणि आडवे कप्पे, पुढे ॲल्युमिनियमच्या चौकटीचे शटर. ओटा ग्रॅनाइटचा. कडप्पा आठवडाभर पाण्यात राहिला तरी त्याला काही होत नाही, धुतला की झालं. कडा गोल करून घ्या, नाहीतर हात कापतो.

आतल्या स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्या चॅनलवरून उचलून काढता येतात अशा घ्या, ३०४ ग्रेडच्या. चॅनल गंजतात आणि त्यांची किंमत ट्रॉलीएवढीच असते, म्हणून खालच्या कप्प्यांत ट्रॉल्या कमीच ठेवा. वरच्या कपाटांना, पाच फुटांच्या वर, बीडब्ल्यूपी ७१० (पाण्याला टिकणारा) प्लाय चालेल. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ वरसुद्धा नको, सांगलीच्या पावसाळी हवेतच कडा फुगतात.

ओट्याखालची मागची भिंत टाइल न लावता गिलावाच ठेवा. कुणाला दिसत नाही आणि ओलीला वाट राहते.

थापी

खणआळीताईंनी बरोबर सांगितलं. कडप्प्याच्या पाट्या भिंतीत इंच-दीड इंच खाच करून बसवा, मागं नुसत्या टेकवायच्या नाहीत.

फरशीचं राहिलं. बसलीय म्हणजे जोत्यात काळी माती भरलीय, बहुतेक. नाणं घेऊन टकटक करा, भदभद वाजते तिथं खाली पोकळ. वरून नवी फरशी चढवू नका. काळी माती पाण्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, वरची कुठलीच फरशी टिकत नाही. जोत्याच्या आतला भराव दीड-दोन फूट काढा, पायाच्या बांधकामाला हात न लावता. मग सहा-सहा इंचांचे दोन थर मुरूम, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसानं ठोकायचा. त्यावर सहा इंच दगडी सोलिंग (दगड रचून केलेला थर), त्यावर चार इंच काँक्रीट १:४:८. सोलिंगच्या पोकळ्यांमुळं ओल वर चढत नाही. एकदम फूटभर मुरूम टाकून वरून ठोकला की खालचा थर सैलच राहतो आणि पहिल्या पुरात परत बसतो.

१२ बाय १२ च्या खोलीला फूटभर मुरूम दाबून १४४ घनफूट लागतो, सैल पावणेदोन ते दोन ब्रास मागवा. सोलिंगला पाऊण ब्रास दगड.

वर पॉलिशची शहाबाद किंवा कोटा. व्हिट्रिफाइड पण चालते. लॅमिनेट, लाकडी फ्लोअरिंग नाही. प्रत्येक खोलीला दाराकडं थोडा उतार द्या, गाळ ढकलत बाहेर काढता येतो. उंबरे काढता येतील असे किंवा नकोतच.

अजिंक्यताऱ्याखाली

साताऱ्याहून गच्चीवर लिहितो, कारण जिन्यावरची गळती सर्वांत आधी बंद झाली पाहिजे. वरून पाणी येतंय तोवर खालची भिंत काय वाळणार?

जुना कोबा (स्लॅबवरचा वीटतुकडे-सिमेंटचा उताराचा थर) आहे का आणि किती जाड ते एका कोपऱ्यात फोडून बघा. जुन्यावर नवीन ब्रिकबॅट कोबा हा सगळीकडे चालणारा आणि सगळ्यात वाईट उपाय. सरासरी साडेचार इंच कोबा म्हणजे चौ. फुटाला साधारण २० किलो. १०० चौ. फुटांना दोन टन. तुमच्या ७८० फुटांच्या गच्चीवर पंधरा टनांच्या वर नवं वजन, तेही १९८८ च्या लोडबेअरिंगवर.

वाजवून पोकळ लागला तर जुना काढा, स्लॅब उघडा करा. लोखंड दिसत असेल तर गंज घासून, अँटीरस्ट लावून पॉलिमर मालाने भरा. भेगा इंग्रजी व्ही आकारात १० मिमी कोरून भरा. मग एक थर सिमेंट-पॉलिमर कोटिंग, त्यावर कोबा १:१०० उताराने, कडेला वाटा (गच्ची आणि पॅरापेटच्या कोपऱ्यातली गोलाई) किमान सहा इंच आणि पॅरापेटवर फूटभर चढवून. वाटा नीट न घोटल्यामुळे निम्म्या गच्च्या गळतात, मधून नाही. कोबा टाकल्यावर दहा दिवस पाणी साठवून ठेवा.

जुना कोबा घट्ट असेल आणि फक्त वरचे सांधे गेले असतील तर तो काढू नका, वरून कोटिंग चालेल. ४०० ते ५०० चौ. फुटांना ४ इंची एक पाइप, म्हणजे तुम्हाला दोन तरी हवेत. जिन्यावर गळतंय, तर बहुतेक जिन्याच्या टोपीचा आणि गच्चीचा सांधा.

गावभागकर

सांधाच आहे, तपासलं. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगाही आहेत, त्या पुट्टीने भरल्या होत्या. मागच्या उन्हाळ्यात परत उघडल्या.

ओळंबा

एप्रिल-मेमध्ये उघडतात आणि पावसाळ्यात मिटतात, तर ती काळ्या जमिनीची भेग. वर्षभर रुंदावतच असेल तर पाया बसतोय, मग इंजिनिअर. भेगेवर आडवी काचपट्टी दोन्ही बाजूंना इपॉक्सीने चिकटवा, पेन्सिलने तारीख लिहा. काच तडकली की हालचाल चालू आहे.

जमिनीची असेल तर आधी जमीन सांभाळा. घराभोवती तीन फूट रुंद काँक्रीटचा पट्टा, बाहेरच्या बाजूला उतार, भिंतीशी सांधा सीलंटने. गच्चीचा पाइप पायाशी सोडू नका, गटारापर्यंत न्या. जवळ पिंपळ, उंबर असतील तर मुळं पायाचं पाणी ओढतात. मग भेग: उतरवलेल्या गिलाव्याच्या जागी दर चौथ्या थराला सांधा कोरून ६ मिमीची स्टेनलेस सळई, भेगेच्या दोन्हीकडे दीड-दीड फूट, पॉलिमर मालाने गाडून. पुट्टीने फक्त फट झाकते.

खणआळी

आणि दारं? २०१९ नंतर खालची फ्लश दारं सगळ्यांची फुगली.

ओळंबा

बाथरूमला एफआरपी (फायबरचं) किंवा पीव्हीसी दार, चौकट ग्रॅनाइटची. खोल्यांना डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिक मिश्रणाचं). जुनं सागवानी असेल तर ते टाकू नका, वाळवलं की परत बसतं, फक्त बिजागर वर उचलून निघणारं लावा आणि खिळा वरून काढता येईल असा ठेवा.

क्रम असा ठेवा: आयर्विन ४० वर गेलं की किचनच्या ट्रॉल्या आणि फ्रीज वर. ४५ ला गाद्या, कागदपत्रं, गॅस सिलिंडर. ५० ला दारं उचलून वर, हौद भरून, खालचा आयसोलेटर बंद. ५२ च्या पुढे घरात थांबायचं नाही. दारं उचलायला दोन माणसं लागतात, तेव्हा ती ५० लाच, शेजारी अजून गल्लीत आहेत तोवर.

मिरजेचा वायरमन

आयसोलेटर ४५ लाच बंद करा. नहाणीतून पाणी वर आलं की ओल्या पायाने बोर्डाला हात लावू नये.